डिसॅबिलिटी पेन्शन नाकारली, अपीलही फेटाळलं. आता पुढे काय?

रातांबा
मंडळी, इथे बरेच माजी सैनिक आहेत म्हणून विचारते. आम्ही गुहागर तालुक्यातले. बाबा पायदळातून २०११ ला हवालदार म्हणून पेन्शन आले. नोकरीतला बराचसा काळ मोर्टार (उखळी तोफ) प्लाटूनमध्ये, ८१ मिमीवर. सुटताना जो मेडिकल बोर्ड झाला त्यात दोन्ही कानांचा बहिरेपणा, २० टक्के, कायमचा, असं लिहिलंय. पण त्याच कागदावर खाली 'सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही'. रेकॉर्ड ऑफिसने तेवढ्यावर क्लेम नाकारला. पत्रात कारण एकच ओळ: सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे फील्ड एरियाबाहेरच्या शांत छावणीत झाली.

बाबांनी तेव्हा अपील केलं होतं. त्याची प्रत परवा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. त्यात चोवीस वर्षांची देशसेवा, थंडीवारा, घरच्यांची ओढाताण आणि शेवटी 'मायबाप सरकारने सहानुभूतीने विचार करावा'. तेही फेटाळलं. त्यानंतर विषय बंद.

आता एका ओळखीच्यांनी वकील सुचवलाय. तो म्हणतो, जे सुटेल त्यातले ४० टक्के माझे. आई म्हणते, नाद सोडा. बाबा काहीच म्हणत नाहीत, कारण आमची चर्चा त्यांना ऐकू जात नाही. इतक्या वर्षांनी यात पडण्यात अर्थ आहे का? आणि पडायचंच तर सुरुवात कुठून?

खाडीपलीकडे
सुरुवात वकिलाला नारळ देण्यापासून.

जुना_सुभेदार
कागद बघितल्याशिवाय बोलणार नव्हतो, पण अपिलाचा नमुना वाचून राहवलं नाही. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या अपिलांचा मजकूर हाच असतो. लिहिणाराही बहुधा एकच असावा.

ताई, अपील वाचणाऱ्या समितीकडे सहानुभूतीचा रकाना नसतो. ती माणसं तीन गोष्टी बघतात. आजार कागदावर पहिल्यांदा कधी आला, तेव्हा माणूस कुठे होता, आणि त्याच्या आधी त्याच्याकडे काय काम होतं. तुमच्या बाबांच्या अपिलात यातलं एकही नाही. मोर्टार हा शब्द तरी आहे का त्यात?

आधी बोर्डाची पूर्ण प्रत मिळवा. फॉर्मचा नंबर ए.एफ.एम.एस.एफ.-१६. लोक शेवटचं पान बघतात आणि कपाळाला हात लावतात, पण खरा माल आतल्या पानांत असतो. सुरुवातीला जवानाचं स्वतःचं निवेदन असतं: कुठे कुठे पोस्टिंग, आजार कधी सुरू झाला, उपचार कुठे झाले. मग युनिटच्या कमांडिंग ऑफिसरने कामाच्या स्वरूपाबद्दल लिहिलेलं असतं. त्यानंतर बोर्डाचं मत. बोर्डाला विचारलेलं असतं की हा आजार भरतीच्या आधी होता का, आणि असल्यास नेहमीच्या तपासणीत तो सुटून गेला असेल का. तिथे बहुतेक वेळा डॉक्टर 'नाही' लिहून मोकळे होतात, आणि दोन ओळी खाली 'सेवेशी संबंध नाही' असंही लिहितात. भरतीच्या वेळी नव्हता, सेवेतही लागला नाही, मग आला कुठून, याचं उत्तर बोर्डाने दिलेलं नसतं. अपील तिथून सुरू करायचं.

धरमवीर सिंग प्रकरण शोधा, सुप्रीम कोर्ट, जुलै २०१३. माणूस १९८५ ला सिग्नल्समध्ये भरती, फिट्स येतात म्हणून १९९४ ला बोर्ड आऊट, म्हणजे मेडिकल बोर्डाने आजारासाठी सेवेतून घरी पाठवला, २० टक्के. कोर्ट म्हणालं, भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, संबंध नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं दिली पाहिजेत.

सुरंगी
माझा भाबडा प्रश्न. रातांबाच्या बाबांसाठी सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांग प्रमाणपत्र काढलं तर? ते तर हल्ली ऑनलाइन होतं. आमच्या काकूंचं केलं.

जुना_सुभेदार
काढा जरूर, एसटीची सवलत वगैरे मिळेल. पण पेन्शनच्या कामाला ते येत नाही. ते २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचं, त्यातल्या बऱ्याच सवलतींना ४० टक्के लागतात. लष्कराचं मोजमाप वेगळं, इथे २० टक्क्यांचा उंबरठा आहे आणि तो लष्करी बोर्डानेच ठरवायचा. बाबा त्या उंबरठ्यावर बरोबर उभे आहेत. टक्क्यांचं भांडण नाही, भांडण फक्त 'कशामुळे'चं आहे. हे नशीब समजा. ज्यांना १५ ते १९ देऊन बसवलंय त्यांचं दुखणं जास्त अवघड.

पायरीच_खरी
वाईटपणा घेतो. माझ्या ओळखीत बीपी आणि शुगरवर डिसॅबिलिटी घेणारे आहेत. सकाळी मांडवीवर माझ्यापेक्षा भरभर चालतात. बीपी तर मलाही आहे, मी शिक्षक होतो, मला कोणी देत नाही. कॅगच्या २०२३ च्या अहवालानेही जीवनशैलीच्या आजारांवरच्या या पेन्शनबद्दल प्रश्न विचारले होते. नियम कडक झाले ते उगाच नाही. खऱ्या जखमींचं नाव पुढे करून बाकीचे हात धुऊन घेतात.

मालवणी_मसालो
गुरुजी, सातवीचो वर्ग ह्यो फील्ड एरिया धरूक होयो, ह्या माका मान्य आसा.

जुना_सुभेदार
गुरुजी, तुमचं अर्धं बरोबर आहे. पण उंचीवर किंवा काउंटर इन्सर्जन्सीत (बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत) दोन-दोन वर्षं काढलेल्या जवानाचं बीपी आणि दिल्लीत खुर्चीवर बसलेल्याचं बीपी एकाच तराजूत घालू नका. नियमही घालत नाहीत. म्हणून तर सुरुवात कुठे झाली हे विचारतात. माझा राग आहे तो 'पीस स्टेशन' या दोन शब्दांवर सगळं निकालात काढण्यावर. माणूस तीन वर्षं वर काढून खाली येतो, खाली आल्यावर वार्षिक तपासणी होते, तपासणीत आजार सापडतो. सापडला पीस स्टेशनला. सुरूही तिथेच झाला?

आणि रातांबाचा मुद्दा बीपीचा नाहीच. मोर्टार पीस स्टेशनलाही फुटतोच. फायरिंग रेंज म्हणजे काय पिकनिक नव्हे.

नाक_कान_घसा
मी डॉक्टर आहे, लष्करात नव्हतो, पण कान रोज बघतो. रातांबा, बाबांचे त्या वेळचे ऑडिओग्राम मिळतात का ते सगळ्यात आधी बघा. आत्ताचा करून उपयोग कमी. का ते सांगतो.

ऑडिओग्राम हा आलेख असतो, आडव्या बाजूला आवाजाची वारंवारता, उभ्या बाजूला किती मोठा आवाज केल्यावर ऐकू आला ते. मोठ्या आवाजाने कान जातात तेव्हा आलेखात साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो आणि ८००० ला रेषा पुन्हा जराशी सावरते. वयोमानाने जातात तेव्हा खड्डा नसतो, रेषा उजवीकडे उतरत जाते ती उतरतच जाते. चाळिशीतल्या माणसाच्या आलेखात खड्डा दिसला आणि त्याचं काम मोर्टारवर होतं, तर हा बहिरेपणा कशाने झाला असावा हे सांगायला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही. पण तोच माणूस पासष्टीला आला की वयाचा उतार त्या खड्ड्याला गिळून टाकतो. म्हणून जुना कागद हवा.

अजून एक. बंदुकीत बहुतेकदा एक कान दुसऱ्यापेक्षा जास्त जातो, कारण बट खांद्याला लावला की एक कान नळीकडे आणि दुसरा डोक्याच्या आडोशाला असतो. मोर्टारवर काय होतं ते सुभेदार सांगतील.

जुना_सुभेदार
मोर्टारवर दोन्ही जातात. बॉम्ब नळीत सोडणारा नळीच्या तोंडाशीच असतो. सोडला की खाली वाकायचं, कान दाबायचे, पुढच्या बॉम्बला पुन्हा हात वर. कान दाबायचे की बॉम्ब धरायचा? हात दोनच. आमच्या वेळी कापसाचे बोळे घालायचो. बोळे घातले की फायर कंट्रोलचा हुकूम ऐकू येत नाही, म्हणून तेही काढून टाकायचो. ताई, बाबा डिटॅचमेंटमध्ये, म्हणजे एक मोर्टार चालवणाऱ्या तुकडीत, कितव्या नंबरवर होते ते विचारा. मोठ्याने विचारा.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणहून. आमच्याकडे कागदच राहिले नाहीत. २२ जुलै २०२१ च्या पुरात तळमजला छतापर्यंत भरला. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), मेडिकलची फाईल, सगळ्याचा लगदा. भावाचं गुडघ्याचं प्रकरण होतं, पॅराशूटच्या कोर्समध्ये झालेली दुखापत. कागद गेले म्हणजे केस गेली असंच आम्ही धरून चाललो होतो.

मग कोणी तरी सांगितलं की मूळ कागद आपल्याकडे नसतातच, आपल्याकडे असते ती प्रत. माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपये फी. एकाच अर्जात 'माझी सर्व कागदपत्रे द्या' असं लिहिलं तर मोघम उत्तर येतं. आम्ही नावं घेऊन मागितली: भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद, प्रत्येक री-कॅटेगरायझेशन बोर्ड (मेडिकल कॅटेगरी पुन्हा ठरवणारा), सुटतानाचा बोर्ड, इंज्युरी रिपोर्ट, कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली असल्यास तिचा निष्कर्ष, आणि क्लेम नाकारताना फाइलवर जे शेरे मारले ते. शेवटचं विसरू नका. पत्रात एक ओळ येते, फाइलवर त्यामागचं डोकं दिसतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. आम्हाला ते करावं लागलं, आणि अपील गेल्यावर मात्र पाकीट भराभर आलं.

पायरीच_खरी
कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे गुन्ह्याची चौकशी ना?

वाशिष्ठीकाठ
नाही हो. दुखापत कशी झाली याची खात्यातली चौकशी. माणूस ड्युटीवर होता की नाही हे तिथे ठरतं. सुट्टीवर असताना मोटारसायकलवरून पडला तर फार अडचण येते. सुट्टी संपवून ड्युटीवर परत जाताना अपघात झाला तर मात्र तो प्रवास ड्युटीत धरतात. त्या दिवसाचं रेल्वेचं तिकीट, सरकारी प्रवासाचं वॉरंट, लीव्ह सर्टिफिकेट यातलं काही मिळालं तर सोन्याहून पिवळं.

बंदरावरचा
नौदलवाल्यांसाठी: आपले कागद मानखुर्दला, सेलर्स ब्युरोत. बोर्ड बहुतेकांचा कुलाब्याला नौदलाच्या अश्विनी हॉस्पिटलात होतो. उपचारही तिथेच झाले असतील तर हॉस्पिटलच्या नोंदी वेगळ्या मागा, कारण रेकॉर्डमध्ये सगळं येतंच असं नाही. मी इंजिन रूममध्ये होतो, कानांबद्दल मला कोणी शिकवायला नको.

आणि कोस्ट गार्डवाल्यांनी इथलं वाचून मिलिटरी ट्रिब्युनलकडे (सैन्यदलांच्या तक्रारींसाठीचं वेगळं न्यायाधिकरण) धाव घेऊ नये. ट्रिब्युनल भूदल, नौदल आणि हवाई दलापुरतं. कोस्ट गार्ड, बीएसएफ, सीआरपीएफ यांचे पेन्शनचे नियम वेगळे आणि दाद हायकोर्टात.

मालवणी_मसालो
आणि बोटीवर खानसामो होतो तेंनी?

बंदरावरचा
त्यांनी आम्हाला जेवायला बोलवावं.

कोर्टकचेरी
रत्नागिरीत वकिली करतो. सुभेदारसाहेबांचं बहुतेक पटलं, एका ठिकाणी मात्र थांबवतो, कारण रातांबा त्यावर विसंबली तर फसेल.

धरमवीर सिंगचा निकाल १९८२ च्या एन्टायटलमेंट रूल्सवर, म्हणजे या पेन्शनचा हक्क ठरवणाऱ्या नियमांवर आहे. भरतीच्या वेळी नोंद नाही म्हणजे आजार सेवेतला, हे गृहीतक त्या नियमांत होतं. बाबा २०११ चे, त्यांना २००८ चे नियम लागतात. त्यात सरकारने स्पष्ट लिहून ठेवलंय की भरतीची तपासणी ढोबळ असते, सुप्त आजार तिच्यात सापडेलच असं नाही, आणि आजार सेवेत दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं होत नाही. समोरचा वकील उभा राहिला की हाच परिच्छेद वाचणार. ज्यांची सेवा २१ सप्टेंबर २०२३ नंतर संपली त्यांना त्याहूनही नवे नियम आहेत, त्यात पेन्शनऐवजी 'इम्पेअरमेंट रिलीफ' हा शब्द आलाय.

नरसिंग यादव प्रकरणही माहीत असू द्या, २०१९. मानसिक आजार होता, सुप्रीम कोर्टाने जवानाविरुद्ध निकाल दिला. भरतीच्या वेळी असा आजार ओळखता येत नाही आणि बोर्डाच्या मताला किंमत द्यावी लागेल, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे 'नोंद नव्हती, सबब द्या' ही मात्रा सगळीकडे लागू पडत नाही.

म्हणून धरमवीर जरूर लावा, पण केस त्याच्यावर उभी करू नका. केस उभी करा कामावर. बहिरेपणा हा काही रक्तातून आलेला सुप्त आजार नव्हे. आवाज होता, कान त्या आवाजाजवळ होते, आलेख तसाच आहे. बोर्डाने यातल्या कशाचीच दखल न घेता छापील वाक्य मारलं असेल, तर बिनकारणी मत हा तुमचा सगळ्यात धारदार मुद्दा. त्यावर सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्येही बोर्डांचे कान उपटलेत. २००८ च्या नियमांतही दावेदाराला सहसा पुरावा मागायचा नाही असंच आहे. सुटल्यापासून पंधरा वर्षांनंतर पहिल्यांदा दावा केला आणि दरम्यान कागद नष्ट झाले, तर मात्र ओझं दावेदारावर येतं. बाबांनी दावा तेव्हाच केला होता, त्यामुळे तो प्रश्न नाही. ते रडगाण्याचं अपील जपून ठेवा, तारखेसाठी ते लाखमोलाचं आहे.

जुना_सुभेदार
वकीलसाहेब, २००८ चे नियम असतानाही ट्रिब्युनलने जवानांच्या बाजूने दिलेले निकाल माझ्याकडे आहेत. तुम्ही उगाच घाबरवताय.

कोर्टकचेरी
माझ्याकडेही आहेत. माझ्याकडे उलटेही आहेत. अशिलाला दोन्ही दाखवतो.

रातांबा
बाबांना विचारलं. बॉम्ब सोडणारे तेच होते, बरीच वर्षं. मग त्यांनी आईला बोलावून अंगणात खराट्याचा दांडा उभा धरून दाखवलं. वाकायचं कसं, मान कुठे वळवायची. एवढं बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आई म्हणाली, खराटा ठेवा, मला अंगण झाडायचंय.

माहिती अधिकाराचा अर्ज वाशिष्ठीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे नावं घेऊन टाकलाय. वकिलाच्या ४० टक्क्यांचं काय?

कोर्टकचेरी
निकालातल्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. ठरावीक फी मागणं वेगळं, टक्केवारी मागणं वेगळं. असं मागणाऱ्याला खाडीपलीकडे यांचा सल्ला लागू.

मिलिटरी ट्रिब्युनलचं मुंबई खंडपीठ महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी आहे. अर्जदाराला स्वतः उभं राहता येतं, पण वैद्यकीय मुद्दा असला की वकील असलेला बरा. विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफतही मिळू शकतो. नाल्साने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजना सुरू केली ती यासाठीच, सैनिक बोर्डांच्या कार्यालयांत कायदा मदत केंद्रं. तुम्हाला रत्नागिरीचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, सिंधुदुर्गवाल्यांना ओरोसचं, रायगडवाल्यांना अलिबागचं. आधी तिथे चौकशी करा.

मुदतीबद्दल. कायद्याप्रमाणे अंतिम नकारानंतर सहा महिने. तुमची केव्हाच उलटली, त्यामुळे उशीर माफ करण्याचा अर्ज जोडायचा. पेन्शन दर महिन्याची असते, दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून ती चालू राहणारी तक्रार धरतात. तरसेम सिंग, २००८. पण त्याच निकालाने हात आखडता घेतलाय, मागची थकबाकी साधारण अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच. २०११ पासूनचं सगळं मिळेल अशी आशा बाबांना लावू नका.

पायरीच_खरी
मग मिळणार किती? एवढा आटापिटा करायचा तर आकडा तरी कळू दे.

कोर्टकचेरी
शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के, बाकी त्या प्रमाणात. शेवटचं वेतन ४०,००० धरा, सोयीसाठी. २० टक्क्यांचे महिना २,४०० होतात. पण ५० पेक्षा कमी असेल ते ५० धरायचं, अशी राउंडिंगची तरतूद आहे, १९९६ पासून लागू. सरकार ती फक्त बोर्ड आऊट झालेल्यांना देत होतं. राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने पूर्ण सेवा करून सुटलेल्यांनाही ती मिळेल असं ठरवलं. म्हणजे २,४०० चे ६,०००, वर महागाई भत्ता. ट्रिब्युनलच्या अर्जात राउंडिंग वेगळं मागा. मागितलं नाही तर आपण होऊन कोणी देत नाही.

खाडीपलीकडे
६,००० आणि महागाई भत्ता. गुरुजी, आता बोला.

पायरीच_खरी
मी शाळेत ज्या वर्गाला शिकवलं त्यांच्या आवाजाचा ऑडिओग्राम काढून घेतो.

सुरंगी
जे हयात नाहीत त्यांचं काय? आमच्या वाडीतल्या एका आजींचे यजमान बोर्ड आऊट झाले होते, १५ टक्के म्हणून काहीच दिलं नव्हतं. ते गेले.

जुना_सुभेदार
आजींना दावा करता येतो. यजमान असते तर त्यांना जे मिळालं असतं ती थकबाकी वारसांना मिळते. आणि बोर्ड आऊट झाले असतील तर १५ टक्क्यांवर अडून राहू नका. सुखविंदर सिंग, २०१४: ज्याला आजारामुळे घरी पाठवलं त्याचं अपंगत्व २० च्या खाली असूच शकत नाही, असं कोर्ट म्हणतं. तेवढं कमी होतं तर घरी का पाठवलंत? आजींना सांगा, ट्रंक टाकू नका, चुलीला कागद लावू नका.

मालवणी_मसालो
ह्या बरां सांगितलास. आमच्याकडे आजोबाची पलटणीतली कागदां आज्येन पापडाच्या डब्यात खाली घातलेली. पापड बरे रवले, आजोबाची नोकरी मातर गेली. आता सगळ्यांनी आपापलो पापडाचो डबो तपासा.

बंदरावरचा
जरा अवांतर. स्पर्शवर (संरक्षण पेन्शनचं पोर्टल) लाइफ सर्टिफिकेट अडकलं की डिसॅबिलिटीचा भागही थांबतो का? माझ्या मित्राचा नोव्हेंबरपासून काहीच जमा नाही.

खाडीपलीकडे
थांबतं सगळंच. कॉमन सर्व्हिस सेंटरवर जाऊन पुन्हा करा म्हणावं. बोटाचे ठसे उमटत नसतील तर मोबाइलवर चेहऱ्याने होतं. काजू सोलणाऱ्यांचे ठसे उमटत नाहीत, आमच्याकडे दर वर्षी हा तमाशा असतो.

वाशिष्ठीकाठ
विषयावर येतो. एक गोष्ट राहिली. कोण कधी कुठे होता हे सिद्ध करायला पगाराच्या स्लिपा कामाला येतात. फील्ड एरिया भत्ता, हाय अल्टिट्यूड भत्ता महिन्यागणिक दिसतो. युनिट कुठे होतं हे रेकॉर्डवाले गोपनीय म्हणून टाळतात, पण भत्ता त्यांनीच दिलेला असतो. भावाच्या केसमध्ये पार्ट टू ऑर्डरही (जवानाच्या सेवेतल्या नोंदींचे युनिटचे आदेश) मागवल्या होत्या.

रातांबा (दोन महिन्यांनी)
धागा वर काढतेय. पाकीट आलं. जमेल तसं सांगते.

भरतीची तपासणी: कान, नॉर्मल. सुटतानाच्या बोर्डात 'आजार भरतीआधी होता का' समोर 'नाही'. कमांडिंग ऑफिसरच्या पानावर कामाच्या रकान्यात फक्त 'इन्फंट्री ड्युटीज'. मोर्टारचा उल्लेख नाही! कारणाच्या रकान्यात रबरी शिक्का आहे, खरंच शिक्का, निळ्या शाईचा: पीस एरियात सुरुवात, फील्ड सेवेशी निकटचा संबंध नाही. खाली सह्या. आणि २००६ च्या कॅटेगरी बोर्डाला एक ऑडिओग्राम जोडलेला आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, पण रेषा दिसते. फोटो डॉक्टरांना व्यक्तिगत संदेशात पाठवलाय. बाबांचं नाव झाकलंय.

नाक_कान_घसा
बघितला. दोन्ही बाजूंना ४००० ला खड्डा, ८००० ला वर. झेरॉक्स वाईट आहे, त्यामुळे डेसिबलचे नेमके आकडे मी लिहून देणार नाही, पण आकृतीबद्दल शंका नाही. सिव्हिल डॉक्टरचं मत लष्करी बोर्डावर मात करत नाही हे मला ठाऊक आहे, तरी एक पानाचं मत देतो. बोर्डाकडे हाच आलेख होता आणि त्यांनी त्याच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, एवढं दाखवायला ते पुरे.

जुना_सुभेदार
'इन्फंट्री ड्युटीज' वाचून डोकं फिरलं. क्लार्कने भरलं, साहेबांनी सही ठोकली. बाबांच्या डिस्चार्ज बुकात कोर्सची पानं बघा. मोर्टारचा कोर्स केला असेल तर तिथे ग्रेडसकट नोंद असते. ती मिळाली की या रकान्याची हवा निघते. शिवाय त्याच डिटॅचमेंटमधला कोणी हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या.

रातांबा
कोर्स आहे! डिस्चार्ज बुकात १९९४ चा. आणि बाबांचा बॉम्ब तयार करून देणारा जोडीदार सावंतवाडीजवळ असतो. त्याला फोन लावला तर दोघंही 'काय? काय?' करत बसले. त्यालाही ऐकू येत नाही. त्याने कधी क्लेमच केला नाही म्हणे.

कोर्टकचेरी
मग त्याचं प्रतिज्ञापत्र घेताना त्याचाही बोर्डाचा फॉर्म मागवायला सांगा. त्याचे कागद बघितल्याशिवाय त्याच्याबद्दल काही बोलत नाही. तुमच्या अर्जाचा क्रम असा ठेवू: नॉर्मल कानांनी भरती, मोर्टारचा कोर्स, डिटॅचमेंटमधलं काम, २००६ चा आलेख, बोर्डाने त्यातलं काहीही न बघता मारलेला शिक्का. देशसेवेवर एक वाक्य, तेही शेवटी. दुसरं अपील न करता थेट ट्रिब्युनलला गेलो तर आक्षेप येईल, पण कायद्यात 'सामान्यतः' असा शब्द आहे आणि एवढ्या वर्षांनी तो आक्षेप टिकवणं त्यांना जड जाईल. तरी सुभेदारसाहेबांचं मत ऐकायला आवडेल.

जुना_सुभेदार
माझं मत, आधी दुसरं अपील टाका. उशिरा का होईना. सहा महिने उत्तर आलं नाही तर मग ट्रिब्युनल. आक्षेपाला जागाच ठेवायची नाही.

कोर्टकचेरी
तेवढ्यात तीन वर्षांची खिडकी सहा महिन्यांनी पुढे सरकेल, त्या काळातली थकबाकी गेली. ताई, गणित करा आणि ठरवा. मी मसुदा दोन्ही तऱ्हेने तयार ठेवतो.

रातांबा
सावंतवाडीच्या काकांचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर चालेल की तहसीलदाराकडे जावं लागेल?

कोर्टकचेरी
नोटरी चालेल. फक्त सही करण्याआधी मजकूर त्यांना वाचायला द्या, वाचून दाखवू नका.